लुचेश्ते

"काय त्रास होतोय?"

हा प्रश्न मी दिवसाला दीडदोनशे वेळा विचारायचो. माझगावातल्या एका धर्मादाय डोळ्यांच्या रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर मी बसायचो. नाव, वय, पत्ता आणि काय त्रास होतोय. पाणी येतं, खुपतं, चिकटतं, दुहेरी दिसतं. उत्तरंही ठरलेली. लोक तोंड उघडायच्या आत माझं अर्धं लिहून व्हायचं.

पण त्या मंगळवारी खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने जे उत्तर दिलं, ते मला लिहिता येईना.

"लुचेश्ते," तो म्हणाला.

१९८३चा फेब्रुवारी होता. सकाळचे अकरा वाजलेले, रांग पार फाटकापर्यंत गेलेली. हा माणूस धिप्पाड, पंचेचाळिशीचा, दाढीत करडे केस, आणि डाव्या कानशिलावर काळानिळा वळ उठलेला. त्याच्या एका बाजूला जहाज कंपनीच्या एजंटाकडचे सामंत, दुसऱ्या बाजूला इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक परदेशी अधिकारी.

"इनास, जरा लवकर घे रे बाबा," सामंत म्हणाले. बंदरावरचे खलाशी ते नेहमी आणायचे, त्यामुळे आमची ओळख होती. "रुमानियाची बोट आहे. संध्याकाळच्या भरतीला सुटतेय. चार दिवसांपूर्वी दोर तुटला आणि याच्या तोंडावर बसला. वासिले नाव. इंग्रजीचा गंध नाही. हे साहेब थोडं बोलतात."

मी साहेबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लाइट. टू मच लाइट. ही नो लाइक."

मी लिहिलं: 'डावा डोळा. दोराचा मार. उजेड सहन होत नाही.'

वासिलेने मान जोरजोरात हलवली. त्याने दोन्ही डोळे गच्च मिटले, डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि मोकळ्या हाताची बोटं फटकन मिटून उघडली, पुन्हा मिटून उघडली. "लुचेश्ते," तो म्हणाला. "लुचेश्ते!"

अधिकाऱ्याने त्याला दोन शब्दांत गप्प केलं. मागून एक म्हातारी ओरडली, "ओ भाऊ, आमचा नंबर आज लागेल का?" मी केसपेपर सरकवला आणि त्यांना डॉक्टर बर्व्यांच्या खोलीत पाठवलं.

पण तो शब्द कानातून जाईना. पुढच्या चारपाच जणांची नावं मी चुकीची लिहिली.

त्या रुग्णालयात कुणालाही ठाऊक नसलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. मी वसईचा. आमचा पानमळा आहे, थोडी केळी आहेत. सोळाव्या वर्षी मी सेमिनरीत गेलो, फादर व्हायला. जायच्या आदल्या दिवशी बाबांनी अख्ख्या आळीला जेवण घातलं होतं. बँड आणला होता. सात वर्षं मी तिथे होतो, आणि आठव्या वर्षाच्या सुरुवातीला एका सकाळी पेटी उचलून घरी परत आलो. कुणाशी भांडण नाही, कुठली भानगड नाही. हे आपल्याच्याने होणार नाही, एवढंच कळलं होतं. ते उशिरा कळलं, हा माझा गुन्हा.

बाबांनी मला एक शब्द विचारला नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त चर्चमध्ये रविवारच्या मिसेला मागच्या बाकावर जाऊन बसू लागले, म्हणजे कुणाशी बोलायला नको. आळीतली पोरं मला 'अर्धाफादर' म्हणायची. सहा महिन्यांत मी मुंबई गाठली. माझगावात एका लांबच्या मावशीकडे कॉट मिळाली आणि रुग्णालयात ही नोकरी, तीही तात्पुरती. शिक्षण विचारलं तेव्हा मी 'मॅट्रिक' सांगितलं आणि मधली सात वर्षं 'घरची शेती' म्हणून दडपून दिली.

त्या सात वर्षांत मी सर्वांत जास्त काय शिकलो असेन, तर लॅटिन. आम्हाला ती शिकवायचे फादर बेनितो. मूळचे स्पेनचे; तीस वर्षं वसईत राहून आमच्यासारखंच मोडकंतोडकं मराठी बोलायचे. फळ्याच्या मधोमध एक लॅटिन क्रियापद लिहायचं आणि त्यापासून चारी बाजूंना रेघा ओढायच्या, ही त्यांची आवड. परीक्षेत त्यातलं काहीही येत नसे. एकदा त्यांनी मधोमध लिहिलं 'लूचेरे', म्हणजे चमकणं, प्रकाशणं. मग रेघा. पोर्तुगीजमध्ये लुझीर. फ्रेंचमध्ये ल्युईर. स्पॅनिशमध्ये लुसीर. इटालियनमध्ये लूचेरेच राहिलं.

"आमच्या गावात पोरीने नवा झगा घातला, की म्हणतात, ती लुसीर करते," फादर स्वतःच कमरेवर हात ठेवून मिरवून दाखवत म्हणाले. वर्ग हसून लोळला. "आई एक, लेकी पाच. पाच गावांना दिल्या. प्रत्येकीची बोली सासरची झाली. पण चेहरा बघा, चेहरा आईचा!" शेवटची रेघ त्यांनी फळ्याच्या पार उजव्या टोकाला नेली आणि तिथे लिहिलं 'लुची'. "ही रुमानियाची. सगळ्यांत लांब दिलेली. ही कशी बोलते, ते मी पण कधी ऐकलं नाही."

खिडकीवर बसल्या बसल्या मला तो फळा दिसला, आणि माझा हात थांबला.

लुचेश्ते. लूचेरेचं रूप. तृतीय पुरुष, एकवचन, वर्तमानकाळ. 'चमकतं.'

उजेड नव्हे. 'उजेड' हे नाम झालं, हा माणूस क्रियापद बोलत होता. काहीतरी चमकतं. आणि हे सांगताना त्याने डोळे गच्च मिटले होते. उजेडाचा त्रास होणारा माणूस डोळे मिटून तक्रार कशाला करेल?

पाऊण तासाने तिघे परत आले. वासिलेच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. सामंतांनी केसपेपर पुढे केला. "मार रे शिक्का. सुटलो. बर्वे डॉक्टर म्हणाले, बुबुळावर ओरखडा आहे, मलम दिलंय, चार दिवसांत बरा होईल. तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली पठ्ठ्याने."

बाहेर जाणाऱ्या प्रत्येक केसपेपरवर मी शिक्का मारायचा, असा नियम होता. मी शिक्का शाईला लावला. मग तसाच हातात धरून वासिलेकडे पाहिलं. तो खांदे पाडून उभा होता. ज्याचं बोलणं कुणी ऐकलेलं नाही, असा माणूस जसा उभा राहतो तसा.

दोन वर्षांत मी लॅटिनचा एक शब्द उच्चारला नव्हता.

"लूचेत?" मी विचारलं. "इन ओकुलो?" चमकतं? डोळ्यात?

त्याने झटकन मान वर केली. मग माझा शब्द त्याने त्याच्या पद्धतीने फिरवून मलाच परत दिला. "ओक! दा, दा! लुचेश्ते!" आणि पट्टीवर बोट आपटलं.

"क्वांदो?" कधी? हे त्याला कळलं नाही. मी दुसरी वाट धरली. दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपेची खूण केली. "नोक्ते?"

"नोआप्ते!" तो जवळजवळ ओरडलाच. "नोआप्ते, लुचेश्ते!"

रात्री चमकतं. अंधारात. मागची रांग कान देऊन ऐकत होती. म्हातारीसुद्धा.

मग तो आपण होऊन एक शब्द बोलला. उजवा हात आडवा करून त्याने छातीशी धरला आणि हळूहळू वर आणत नाकापर्यंत नेला. "उंब्रा," तो म्हणाला.

या शब्दाला रेघ ओढायचीही गरज नव्हती. तो जसाच्या तसा लॅटिन होता. उंब्रा. सावली. खालून वर चढणारी सावली.

अधिकाऱ्याने खिडकीच्या फळीवर हात आपटला. "यू स्पीक रुमानियन?"

"नो सर. लॅटिन."

"व्हॉट लॅटिन? हू आर यू?" त्यांनी वासिलेला दंडाला धरून मागे ओढलं आणि सामंतांना तावातावाने काही सांगू लागले. सामंत घाबरून माझ्या कानाशी आले. "इनास, हे काय नवीन काढलंस? त्यांच्या देशात फार कडक असतं रे. खलाशी बंदरावर मागे राहिला तर जाब या साहेबाला विचारतात. त्यांना वाटतंय, हा पळून जायला बघतोय आणि तू सामील आहेस. शिक्का मार आणि मोकळा हो."

मी मोकळा होऊ शकलो असतो. नोकरी दर सहा महिन्यांनी वाढवून मिळायची, ती मुदत पुढच्याच आठवड्यात संपत होती, आणि 'डॉक्टरांच्या कामात नाक खुपसायचं नाही' हे हेडक्लार्कनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं. मी शिक्का खाली ठेवला, केसपेपर उचलला, "पाच मिनिटं थांबा" म्हणालो आणि खिडकी उघडी टाकून जिन्याकडे धावलो.

डॉक्टर मंदाकिनी रेगे वरच्या मजल्यावर बसायच्या. रुग्णालयातल्या सर्वांत मोठ्या सर्जन. बुटक्या, केस पांढरे, आणि जिभेला धार. वॉर्डबॉय त्यांच्या खोलीवरून जाताना चपला हातात घ्यायचे. मी शिरलो तेव्हा त्या चहा पीत होत्या.

"मॅडम, खाली एक खलाशी आहे. बर्वे सरांनी त्याला सोडलंय, पण त्याला जायला देऊ नका."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही केसपेपरवाले ना? डॉक्टर कधीपासून झालात?"

"त्याला उजेडाचा त्रास नाहीये मॅडम. बरोबरच्या साहेबांनी चुकीचं सांगितलं. मी त्याच्याशी बोललो."

"कुठल्या भाषेत?"

"लॅटिनमध्ये. म्हणजे तो नाही. मी."

कप बशीवर टेकला. त्या हसतील असं मला वाटलं. हसल्या नाहीत. "हे बघा, तुम्हाला काय वाटतं ते मला नको. त्याने वापरलेले शब्द सांगा, तेवढेच."

"चमकतं. डोळ्यात. रात्री. सावली." मी हात आडवा करून खालून वर नेला. "आणि सावलीचं सांगताना असं केलं."

त्या उठून उभ्या राहिल्या. चहा तसाच राहिला.

"चालतोय का तो? उभा आहे? त्याला आधी बसवा. नको, आडवाच करा. धावा!"

पुढचा तासभर मी खिडकीवर गेलोच नाही. वासिलेला बाकावर निजवलं, पट्टी काढली, बाहुली मोठी करणारे थेंब घातले आणि ती मोठी होईपर्यंत वाट पाहिली. तो माझं मनगट धरून होता. अधिकारी घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते. मला मात्र एकच भीती पोखरत होती. समजा, काहीच निघालं नाही तर? सात वर्षं सेमिनरीत फुकट, आणि आता नोकरीही त्याच लॅटिनपायी फुकट. बाबांना काय सांगू?

रेगे मॅडमनी खोलीत अंधार केला, डोक्याला दिवा बांधला, हातात भिंग घेतलं. "वर बघायला सांगा."

लॅटिनमध्ये 'वर बघ' कसं म्हणतात, ते मला त्या क्षणी आठवेना. मी छताकडे बोट केलं. तेवढ्यावर भागलं.

त्या फार वेळ बघत राहिल्या. मग दिवा विझवून खुर्चीत मागे टेकल्या. डॉक्टर बर्वे दाराशी उभे होते, त्यांना म्हणाल्या, "या, तुम्हीही बघा. वरच्या बाजूला फाटलाय पडदा. भिंतीचा पोपडा सुटतो तसा वरून सुटून खाली लोंबतोय. वरून सुटला म्हणून त्याला सावली खालून दिसते. मधला भाग अजून चिकटलेला आहे, म्हणून तुमचा तक्ता वाचला त्याने. उद्यापर्यंत तोही गेला असता."

बर्व्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, साहेब म्हणाले, उजेड सहन होत नाही..."

"तेच लिहिलेलं आहे इथे." त्यांनी केसपेपरवरच्या माझ्या अक्षरावर बोट ठेवलं. "आतला पडदा ओढला गेला की डोळा मिटला तरी विजा चमकल्यासारखं दिसतं. तो तेच सांगत होता. तो साहेब, हे केसपेपरवाले आणि तुम्ही, तिघांनीही ऐकलं नाही."

तिघांत मी होतो. त्या खोटं बोलत नव्हत्या. पहिल्यांदा तो हात हलवून सांगत होता तेव्हा मी त्याला पुढे ढकललाच होता.

अधिकाऱ्यांशी मॅडमनी वाद घातला नाही. केसपेपरच्या मागे डोळ्याचं चित्र काढलं, लोंबणारा पडदा काढला आणि सावकाश, सोप्या इंग्रजीत सांगितलं: हा बोटीवर गेला तर आठ दिवसांत या डोळ्याने कायमचा आंधळा होईल, इथे राहिला तर बहुतेक वाचेल, आणि तुमच्या कॅप्टनला मी माझ्या सहीचं पत्र देते. अधिकारी चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी वासिलेला काहीतरी विचारलं, या खेपेला हळू आवाजात. त्याने उत्तर दिलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला.

"फोर डेज ही टेल मी," ते मॅडमना म्हणाले. "आय थिंक, ही मेक ड्रामा." मग सामंतांकडे वळून, "कॉल शिप."

बोट संध्याकाळी सुटली. वासिले राहिला. पत्र अधिकाऱ्यांनी स्वतःच्या खिशात घालून नेलं, आणि जाताना आपली सिगारेटची दोन पाकिटं त्याच्या उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला शस्त्रक्रिया होती. त्या काळी अशा रुग्णाचे दोन्ही डोळे बांधून ठेवत, उशीही देत नसत. परका देश, अवतीभवती न कळणारी बोली, आणि डोळ्यांपुढे मिट्ट काळोख. मी गेलो तेव्हा तो स्ट्रेचरवर उताणा पडून होता आणि त्याची बोटं चादर चुरगाळत होती. माझा आवाज ऐकताच त्याने हात पुढे केला. मी तो धरला. एवढा मोठा माणूस, हात बर्फासारखा गार.

तो काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही. मग त्याने दुसऱ्या हाताने छातीवर क्रूस केला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "पारिन्ते?" त्याने विचारलं. "पारिन्ते?"

फादर आहेस का?

अशी भाषा दुसरं कोण बोलणार, असं त्याला वाटलं असावं. मी 'नो' म्हणालो. ते त्याला पोचलं नाही, किंवा पोचूनही मानायचं नव्हतं. त्याने हात जोडले आणि वाट पाहू लागला. त्याला प्रार्थना हवी होती.

स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉय खोळंबला होता. मी आठवू लागलो. लूचेरे असलेली एकच प्रार्थना मला तोंडपाठ होती, आणि ती मेलेल्यांसाठी म्हणतात. चिरंतन प्रकाश त्यांच्यावर चमकत राहो, अशी. शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसाच्या कानात ती कोण म्हणेल? दुसऱ्या सगळ्या, अगदी लहानपणापासून येणाऱ्या, त्या क्षणी साफ पुसल्या गेल्या. शिवाय मी त्या म्हणायचा हक्क सोडून आलो होतो, असं मला तेव्हा वाटायचं.

जे उरलं होतं ते मी म्हटलं. त्याच्या कानाशी वाकून, गंभीर आवाजात, फादर बेनितोंच्या चालीवर:

"लूचेओ, लूचेस, लूचेत. लूचेमुस, लूचेतिस, लूचेन्त."

मी चमकतो, तू चमकतोस, तो चमकतो. आम्ही, तुम्ही, ते.

वासिलेने दीर्घ श्वास सोडला. चादरीवरची मूठ सैल झाली. "आमिन," तो म्हणाला.

"आमेन," वॉर्डबॉयही म्हणाला, आणि स्ट्रेचर आत गेलं.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. हसू येत होतं आणि रडूही. अडीच तास लागले. दार उघडून मॅडम बाहेर आल्या, तोंडावरचा रुमाल खाली ओढला. मी उठून उभा राहिलो.

"बसला पडदा," त्या म्हणाल्या. "चांगला बसलाय. आता आठ दिवस तो हलला नाही म्हणजे झालं." मग पाण्याचा अख्खा पेला रिकामा करून त्यांनी विचारलं, "लॅटिन कुठे शिकलात? अर्जात तर शेती लिहिलीय तुम्ही. मी काल बघितला अर्ज."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "सेमिनरीत. सात वर्षं होतो. मग सोडून आलो."

"का?"

"जमणार नाही असं कळलं."

"मग ठीक केलंत," त्या म्हणाल्या, जणू मी बस चुकली म्हणून दुसरी पकडली असं सांगितलं होतं. "अर्ज नीट भरा पुन्हा. खोटं लिहू नका. आणि खिडकीवर जा, रांग फाटकाबाहेर गेलीय."

मी तीनतीन पायऱ्या उतरलो. इतकं हलकं मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी पट्टी सोडली. सामंतांनी नाडकर्णी नावाचे एक गृहस्थ शोधून आणले होते. तेलशुद्धीकरणाचं शिक्षण घ्यायला ते तीन वर्षं रुमानियात राहिलेले. वासिलेने उजवा डोळा तळव्याने झाकला आणि डाव्याने खोलीभर पाहिलं. मॅडमनी बोटं धरली: दोन, चार, एक. तो बरोबर सांगत गेला. मग तो माझ्याकडे वळला. त्याने तळवा काढून मला निरखून पाहिलं आणि नाडकर्ण्यांना काही म्हणाला.

नाडकर्णी हसले. "तो म्हणतो, हा तर पोरगा आहे. डोळे बांधले होते तेव्हा याचा आवाज म्हाताऱ्या फादरचा वाटला होता." पुन्हा दोघांचं काही बोलणं झालं. "आणि विचारतोय, त्या सकाळी कोणती प्रार्थना म्हटलीत? बायकोला लिहून पाठवायचीय. ती गावच्या चर्चमध्ये रोज म्हणेल."

रेगे मॅडम, बर्वे, सामंत, सगळे माझ्याकडे बघत होते.

"प्रार्थना नव्हती," मी म्हणालो. "क्रियापद चालवलं. वर्तमानकाळ. दुसरं काही आठवलंच नाही."

मग रेगे मॅडम हसायला लागल्या. त्यांना हसताना रुग्णालयात कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी आम्ही दचकलो आणि मग सगळेच हसू लागलो. नाडकर्ण्यांनी डोळे पुसत भाषांतर केलं. वासिले मात्र हसला नाही. त्याने विचार केला आणि गंभीरपणे काही म्हणाला.

"तो म्हणतो, हरकत नाही, लिहून द्या. कामाला आली ना, मग प्रार्थनाच."

मी केसपेपरच्या कोऱ्या पानावर सहाही रूपं लिहून दिली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या देशाच्या दुसऱ्या एका बोटीने तो गेला. त्याचं पुन्हा काही कळलं नाही. पण जाताना बंदरावरच्या शिडीवर तो न अडखळता, न चाचपडता चढला, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

त्या शनिवारी मी वसईला गेलो. बाबा ओट्यावर बसून पानांच्या जुड्या बांधत होते. मी शेजारी बसलो, जुड्या बांधायचं केळीचं सोपट भिजवून त्यांच्या हाती देऊ लागलो. नेहमीसारखं आम्ही गप्पच होतो. मग मीच सुरुवात केली. खिडकी, दोर, पट्टी, शिक्का, सगळं सांगितलं. जिन्यावर धावलो ते सांगितलं. स्ट्रेचरपाशी म्हटलेली सहा रूपंही सांगितली.

बाबांचे हात थांबले होते. जुडी अर्धीच बांधलेली मांडीवर पडली होती.

"आणि डोळा?" त्यांनी विचारलं. "वाचला?"

"वाचला बाबा. दिसतं त्याला."

त्यांनी मांडीवरची जुडी बाजूला ठेवली. "तिथलंच लॅटिन?" ते म्हणाले. "फादर बेनितोंचं?"

"तिथलंच."

दोन वर्षांत त्यांनी सेमिनरीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता. उत्तर ऐकून ते उठले, कमरेचं धोतर झटकलं आणि कुंपणापाशी गेले. पलीकडे मोतेसकाका विहिरीवर पाणी शेंदत होते. मी परत आल्यापासून बाबा त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे.

"मोतेस," बाबांनी हाक मारली, आणि आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "ए मोतेस! टाक ती कळशी खाली आणि ये इकडे. बायकोलाही आण. आमचा इनास काय सांगतो ते ऐका."

मोतेसकाका खरंच कळशी ठेवून आले, बायकोला घेऊन. मागोमाग आळीतले आणखी दोघंतिघं. बाबांनी सगळ्यांना ओट्यावर जागा करून दिली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हं, पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."